दोन अक्षरी

घाई नाही. आधी फरशी.
शहाबादीवर रुपयाचं नाणं वाजवत जायचं,
जिथे पोकळ बोलते
तिथे नऊशे किलो टेकवायचे नाहीत.

याकूब मिस्त्री हसताना
डावा हात बरगडीवर दाबून धरतात.
एक्याऐंशी साल, नाना पेठ, विटांची चळत
आणि चळतीवर एका डॉक्टरांची अँबॅसिडर.
एवढंच सांगितलं. वर म्हणाले,
वीट सांगून फुटत नाही, ताई.

निवृत्तीनंतर मी ही बहात्तरची फियाट घेतली
तेव्हा पहिला गृहपाठ त्यांचाच:
रात्रभर नुसत्या जॅकवर उचलून ठेवा.
खाली कुणी जायचं नाही. मांजरसुद्धा.
बंपरच्या उंचीला भिंतीवर खडूची रेघ.
सकाळी बंपर रेघेच्या दोन बोटं खाली,
आणि जॅक अगदी निरागस,
तेलाचा एक थेंबही बाहेर नाही.

तेव्हापासून जॅकला मी फक्त उचलू देते.
धरायचं काम घोड्यांचं,
दोन लोखंडी घोडे, जुन्या बाजारातले नव्हेत,
पावतीसकट घेतलेले.

आज मागचे पाटे.
हँडब्रेक ओढला खरा, पण तो मागच्या चाकांचा,
आणि मागची चाकं तर हवेत जाणार.
म्हणजे तो नुसता दिलासा.
पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचरी,
हातोडीने, आवाज बदलेपर्यंत.
मग उचल. मग घोडे, अ‍ॅक्सलखाली, सरळ.
मग जॅक सोडून वजन त्यांच्यावर,
काढलेली चाकं आडवी करून चेसीखाली.
मिस्त्री म्हणतात, गाडी पडलीच
तर आधी चाकावर पडू दे.

आणि मग खांदा लावून ढकलायची.
हळूच नाही. गोदरेजचं भरलेलं कपाट सरकवावं तशी.
पडायची असेल तर आत्ता पड बाई,
मी बाहेर असताना.

पडली नाही.

तर मी पाठीवर, पुठ्ठ्यावर,
चष्म्यावर दुसरा चष्मा.
वर काळोख, ग्रीस, आधीच्या मालकांच्या
कुठल्या कुठल्या घाटांची वाळलेली माती,
बोट लावलं की गंज भुरुभुरु.
छातीपासून वीतभर अंतरावर एक अख्खी गाडी
आणि तिला माझं नाव ठाऊक नाही.

बाहेर खुर्चीत अरविंद, शब्दकोडं घेऊन.
मला फक्त त्याच्या चपला दिसतात.
थोड्या थोड्या वेळाने विचारतो:
तीन अक्षरी, पीठ जाते, कोंडा राहतो.
चाळणी, मी म्हणते.
दोन अक्षरी, मुठेची बहीण.
मुळा. हे कसलं कोडं, शाळेतलं?
तो गप्प. मग पुन्हा:
दोन अक्षरी, आधार.
टेकू, मी ओरडते, आणि पाना निसटून
कोपराला लागतो.

सतराचा पाना घ्यायला बाहेर आले
तेव्हा खुर्ची रिकामी. तो चहाला आत.
पेपर उघडा होता.
सगळे चौकोन भरलेले, पेनने,
शाई केव्हाच वाळलेली.
चाळणी कुठेच नव्हती.
मुळा नव्हती.
टेकूसुद्धा.

काही बोलले नाही.
घोड्यांच्या खिळी पुन्हा चाचपल्या,
पुन्हा एकदा खांदा लावला,
आणि सरपटत आत गेले.

चपला परत आल्या. बशीचा आवाज.
अडकलेला बोल्ट पावपाव फेरा सुटत होता,
प्रत्येक वेळी कण्हत.
बराच वेळ काहीच विचारलं नाही त्याने,
आणि मग एकदम, थोडं मोठ्याने:
दोन अक्षरी.
पुढे काही सुचेना त्याला.

आहे, मी म्हटलं.

बरोबर, तो म्हणाला,
आणि पेपराचं पान उलटल्याचा
आवाज केला.